कडा, पाऊस आणि नाव : आभासी उड्डाणातील शहापूर–मुरबाडचा भूदृश्यास्वाद

प्रस्तावना

निसर्गदृश्याचा आस्वाद हा सौंदर्यशास्त्रातील जुना विषय असला, तरी त्या आस्वादाची साधने काळानुसार बदलत आली आहेत. पायी प्रवास, चित्र, छायाचित्र आणि चित्रपट यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत संगणकावरील आभासी उड्डाणाची, म्हणजेच फ्लाइट सिम्युलेटरची भर पडली आहे. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी जन्मलेले हे साधन आज अनेक जण केवळ भूप्रदेश पाहण्याच्या आनंदासाठी वापरतात. त्यामुळे अशा उड्डाणातून होणारा आस्वाद हा निसर्गाचा आस्वाद मानावा काय, आणि मानावयाचा असल्यास त्याच्या मर्यादा कोणत्या, हा प्रश्न समीक्षेने विचारात घेणे आवश्यक ठरते.

या प्रश्नाचा विचार अमूर्त पातळीवर करण्यापेक्षा एखाद्या विशिष्ट प्रदेशाच्या आधारे करणे अधिक फलदायी होय. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके त्या दृष्टीने उपयुक्त आहेत. भातखाचरांचा सखल प्रदेश, त्यातून सुटा उभा राहिलेला माहुली, पूर्वेकडे सरळ उठणारी सह्याद्रीची भिंत, मुंबईची तहान भागविणारे जलाशय आणि डोंगरपायथ्याचे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली समाजांचे पाडे असे विविध घटक येथे जवळजवळ नांदतात. आभासी उड्डाण या प्रदेशाची रचना खरेपणाने दाखविते. परंतु कडा, पाऊस आणि नाव या तीन ठिकाणी ते अपुरे पडते, आणि नेमक्या याच तीन गोष्टींनी हा प्रदेश घडला आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

बंद पेटीपासून पृथ्वीच्या प्रतिकृतीपर्यंत

आभासी उड्डाणाचा प्रारंभ निसर्गदर्शनातून झालेला नाही. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये तयार केलेल्या प्रशिक्षण-यंत्रात विद्यार्थी एका लहान पेटीत बसे. पुढे हे यंत्र दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांना केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे शिक्षण देण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्यासाठी पेटीचे झाकण बंद केले जाई, कारण बाहेरचे काहीही न दिसणे हाच त्या शिक्षणाचा गाभा होता. आज भूदृश्यासाठी नावाजले जाणारे हे माध्यम अशा रीतीने भूदृश्याच्या अभावातून जन्मले आहे.

वैमानिकाच्या दृष्टीने डोंगर हा प्रथम अडथळा असतो. ७ जुलै १९६२ रोजी बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलितालिया कंपनीचे विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. विमान वेळेआधीच खाली आले होते. नाणेघाटाच्या माथ्यावरील या परिसराचा उंचसखलपणा अचूक माहीत असणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता, याची ही घटना साक्ष देते. भूप्रदेशाची अंकीय मापे आज करमणुकीसाठी वापरली जात असली, तरी त्यांच्यामागे अशी गंभीर गरजही आहे, हे विसरता येत नाही.

घरगुती संगणकावरील उड्डाणाची वाटचाल ब्रूस आर्टविक यांच्या १९७९ मधील कार्यक्रमापासून सुरू होते. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या काळी जमीन म्हणजे पडद्यावरील काही रेषा होत्या. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली आणि चित्र पालटले. स्वयंसेवकांनी उभारलेला ‘फ्लाइटगिअर’ हा मुक्त कार्यक्रम, २००७ मध्ये ‘गूगल अर्थ’मध्ये आलेली उड्डाणाची सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या २०२० व २०२४ मधील आवृत्त्या हे पुढील टप्पे होत. २०२० च्या आवृत्तीत उपग्रह व विमानांतून घेतलेली छायाचित्रे उंचीच्या मापांवर पसरली जातात, तर घरे आणि झाडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने उभी केली जातात. परिणामी ज्या खेड्याचे नाव तालुक्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते, त्यावरूनही आज उडता येते.

रचनेचे दर्शन

या माध्यमाच्या उणिवांकडे वळण्यापूर्वी त्याचे श्रेय मान्य करणे न्याय्य ठरेल. आसनगावजवळून पूर्वेकडे आणि मग भिंतीच्या कडेने दक्षिणेकडे उड्डाण केले असता या प्रदेशाची जी मांडणी दिसते, ती जमिनीवरून एकाच दृष्टिक्षेपात कधीही दिसत नाही. माहुलीचा डोंगर मुख्य रांगेपासून पश्चिमेला सुटा पडलेला दिसतो. त्याच्या एका अंगाला तानसाचे आणि दुसऱ्या अंगाला भातसाचे पाणी असते. पुढे आजा पर्वत, हरिश्चंद्रगड, माळशेज, नाणेघाट, गोरखगड आणि सिद्धगड अशी सलग भिंत उलगडत जाते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक आडवे पसरले असल्याने डोंगरांचे माथे आणि कड्यांवरील टप्पे एकमेकांशी समांतर राहतात. भातसा आणि काळू यांचे पाणी शेवटी उल्हास नदीकडे जाते, तर तानसाचे वैतरणेकडे, हा जलविभाजनाचा व्यवहारही उंचीवरून सहज उमगतो.

बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याची मीमांसा केली. ती कसोटी लावल्यास या दर्शनाचे सौंदर्यमूल्य नाकारता येत नाही. आडव्या थरांचा परस्परसंवाद, सपाट खाचरे आणि उभी भिंत यांचा विरोध, सुटा माहुली आणि अखंड रांग यांच्यातील समतोल हे सर्व उंचीवरून स्पष्ट होते. भिंतीच्या पायथ्याशी जन्मलेल्या विद्यार्थ्याने ती भिंत रोज पाहिलेली असते. परंतु तिचा आकार त्याने पाहिलेला असतोच असे नाही. त्याला स्वतःच्या प्रदेशाचा आकार दाखविणारे साधन तुच्छ मानण्याचे कारण नाही.

कडा : उभ्या दगडाचे अदृश्य होणे

रचना दाखविणारे हे साधन सह्याद्रीच्या सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण रूपापाशी मात्र अडखळते. याचे कारण त्याच्या मूलभूत पद्धतीत आहे. जमिनीच्या उंचीची नोंद चौकटींच्या जाळ्यात केली जाते. अंतराळयानाच्या मोजणीतून जगभरासाठी उपलब्ध झालेल्या मापांत एका चौकटीची बाजू सुमारे ३० मीटर असते आणि प्रत्येक चौकटीला उंचीचा एकच आकडा मिळतो. पठार आणि उतार यांसाठी ही पद्धत पुरेशी आहे. कड्याच्या बाबतीत मात्र एका चौकटीत माथा आणि लगतच्या चौकटीत खालचा भाग आला की मधली उभी भिंत उतार बनते. अतिशय चढ असलेल्या भागात रडारच्या सावलीमुळे मापेच मिळत नाहीत व ती मागाहून अंदाजाने भरावी लागतात.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे याचे उत्तम उदाहरण होय. गड अकोले तालुक्यात असला, तरी हा कडा मुरबाडच्या बाजूला उघडतो. तो केवळ उभा नाही, तर आत वळलेला, नागाच्या फण्यासारखा पुढे झुकलेला आहे. एका ठिकाणाला एकच उंची देणाऱ्या जाळ्यात झुकलेला दगड तत्त्वतःच मावत नाही, कारण तेथे माथ्याच्या दगडाखाली हवा आणि हवेखाली पुन्हा जमीन असते. त्यावर पसरलेले छायाचित्रही वरून घेतलेले असते. वरून पाहता उभ्या भिंतीला जवळजवळ क्षेत्रफळच नसल्याने छायाचित्रातील मोजके ठिपके ताणून संपूर्ण कडा रंगविला जातो. कातळावरील थर, भेगा आणि गवताच्या पट्ट्या यांच्या जागी पुसट ओघळ तेवढे दिसतात. माहुलीचे वजीर, नवरा, नवरी हे सुळकेही या जाळ्यात बोथट होतात. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेणे आणि त्यातील ब्राह्मी शिलालेख तर या पृथ्वीवर असूच शकत नाहीत, कारण तिला पोटच नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. मापे सूक्ष्म होत जातील, कडे स्वतंत्रपणे घडविले जातील आणि ही उणीव दूर होईल, असे म्हणता येईल. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु कड्याचा आस्वाद केवळ आकाराचा नसतो. कांटने उदात्ताची चर्चा करताना भयप्रद निसर्ग सुरक्षित जागेवरून पाहण्याची अट घातली. त्या अर्थाने खुर्चीत बसलेला प्रेक्षक आदर्श आस्वादक ठरावा. तथापि, कांटच्या विवेचनातील सुरक्षित मनुष्य भयाचे कारण ओळखतो. या शक्तीपुढे आपला देह टिकणार नाही, हे त्याला ठाऊक असते. कोकणकड्यावर पालथे पडून खाली पाहणाऱ्याची सुरक्षितता हातभर दगडाची असते. आभासी उड्डाणात आपटलेले विमान क्षणार्धात पुन्हा आकाशात असते. जेथे देहाला कधीच धोका नाही, तेथे सुरक्षिततेलाही अर्थ उरत नाही, आणि उदात्ताच्या जागी केवळ भव्यता शिल्लक राहते.

कोकणकड्यावरील इंद्रवज्राचा दृष्टान्त या संदर्भात बोलका आहे. पाठीशी सूर्य आणि समोर दरीत धुके असता पाहणाऱ्याच्या सावलीभोवती रंगीत वर्तुळ उमटते. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावरील आपल्या १८३५ च्या निबंधात हरिश्चंद्रगडावरील अशा वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद केली आहे. विमानातून ढगांकडे पाहतानाही हेच दृश्य विमानाच्या सावलीभोवती दिसते. इंद्रवज्राच्या मध्यभागी नेहमी पाहणाऱ्याची स्वतःची सावली असते. शेजारी उभ्या असलेल्याला त्याचे वर्तुळ त्याच्याच सावलीभोवती दिसते. संगणक उद्या हे वर्तुळ अचूक रंगवील. परंतु त्याच्या मध्यभागी असलेली सावली खुर्चीतील माणसाची नसेल.

पाऊस : छायाचित्राचा एकच ऋतू

शहापूर–मुरबाडचे भूदृश्य हे प्रामुख्याने पावसाचे भूदृश्य आहे. उपग्रहावरील सामान्य छायाचित्रणाला मात्र पाऊस वर्ज्य असतो, कारण ढगांतून जमीन दिसत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याची स्वच्छ छायाचित्रे साहजिकच पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत मिळतात. त्यामुळे आभासी पृथ्वीवर हा प्रदेश ज्या रूपात भेटतो, ते रूप बहुधा तपकिरी आणि निर्जळ असते. २०२० च्या आवृत्तीत आकाशातील हवामान प्रत्यक्ष घडीचे घेण्याची सोय आहे. जुलै महिन्यात उड्डाण करणाऱ्याला म्हणूनच माळशेजवर खरे ढग आणि त्यांच्याखाली कोरडी जमीन असे विसंगत दृश्य दिसू शकते. २०२४ च्या आवृत्तीत ऋतूंचा समावेश झाला असून ही विसंगती कमी करण्याचा प्रयत्न त्यात आहे.

परंतु ऋतू म्हणजे केवळ जमिनीचा रंग नव्हे. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ने मराठी वाचकाला प्रत्येक महिना स्वतंत्रपणे पाहण्यास शिकविले. त्या दृष्टीने पाहिल्यास येथील जमिनीवरील रंगबदल हा श्रमाचा पंचांगच आहे. उन्हाळ्यात भाजलेल्या राबाचे काळे चौकोन, जूनमध्ये तरव्याची हिरवी पाती, जुलैत आवणीच्या वेळी आकाश धरून ठेवणारी चिखलाची खाचरे, उतारावरील नाचणी आणि वरी, दिवाळीच्या सुमारास पिवळे पडलेले भात, आणि त्यानंतरची खोडक्यांची जमीन हे बदल उंचीवरूनही सुंदर दिसतात. पण त्यांच्यामागील कारण हिरव्या रंगाच्या नियमात नसून वाकलेल्या पाठींत आहे. ते कारण वगळून केलेला आस्वाद हा परिणामाचा आस्वाद होतो.

पाण्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र बनतो. आभासी उड्डाणात तानसा आणि भातसा यांचे जलाशय अत्यंत नयनरम्य दिसतात. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा जवळपास निम्मा भार आज एकटे भातसा उचलते. तरीही शहापूर तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जलाशयाची निळाई आणि हंड्यांची रांग या एकाच भूदृश्याच्या दोन बाजू होत. पडद्यावर पहिली दिसते आणि दुसरी दिसत नाही. हा केवळ तंत्राचा दोष नाही; मात्र अशा दर्शनाने तृप्त झालेला प्रेक्षक या प्रदेशाला ‘पाहिलेला’ समजू लागतो, हा धोका खरा आहे.

नाव : स्मृतीविना भूमी

तिसरी उणीव नावाची आहे. आभासी उड्डाणात एखाद्या ठिकाणाचे नाव पाटीसारखे दाखविता येते. परंतु नावामागील कथा त्या दृश्याचा भाग होत नाही. माहुलीच्या सुळक्यांना नवरा आणि नवरी म्हणणाऱ्या लोकांनी त्या दगडांत एक थबकलेली वरात पाहिली. आजा पर्वत हे नाव वाल्मीकींच्या आश्रमाच्या आणि लवकुशांच्या बालपणाच्या लोककथेशी जोडलेले आहे. माहुलीवर १६३६ मध्ये शहाजीराजांनी आश्रय घेतला होता. पुरंदरच्या १६६५ च्या तहात हा गड मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना इंग्रजांच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत वीरमरण आले. ही माहिती नसलेल्याला सिद्धगड हा एक देखणा डोंगर वाटेल; माहिती असलेल्याला तेथील शांतता वेगळी भासेल. सौंदर्यानुभवात ज्ञानाला स्थान असते, हे मान्य केल्यास हा फरक आस्वादाबाहेरचा ठरवता येत नाही.

नाव नसलेल्या भूमीचा आणखी एक परिणाम संभवतो. वरून पाहणारी दृष्टी ही नियोजनकाराचीही दृष्टी असते. नकाशावर रस्त्याची रेषा ओढणे किंवा दरीत पाणी अडविण्याची कल्पना करणे उंचीवरून सोपे जाते. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर योजलेल्या धरणाला तेथील आदिवासी गावांनी विरोध केला, तेव्हा त्यांनी मांडलेला मुद्दा मुळात हाच होता की वरून रिकामी दिसणारी दरी रिकामी नाही. भूदृश्याच्या आस्वादाचा प्रश्न अशा ठिकाणी केवळ अभिरुचीचा राहत नाही.

उंचीचा दोष नव्हे

वरील विवेचनावरून आकाशातून पाहणे हेच मुळात सदोष आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. भारतीय साहित्यात आकाशस्थ दर्शनाची समृद्ध परंपरा आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील मेघ रामगिरीहून, म्हणजे वा. वि. मिराशी यांच्या मते नागपूरजवळच्या रामटेकहून, अलकेकडे जातो. वाटेत विंध्याच्या पायथ्याशी विखुरलेली रेवा त्याला हत्तीच्या अंगावर काढलेल्या नक्षीसारखी दिसेल, असे यक्ष सांगतो. हे निखळ उंचीवरचे, आकाराचे सौंदर्य आहे. परंतु त्याच मेघाकडे खेड्यातील स्त्रिया स्नेहाने वर पाहतात, कारण शेतीचे फळ त्याच्यावर अवलंबून आहे. मेघ नदीचे पाणी पितो, डोंगरावर विसावतो, वणवा विझवितो. तो पाहतो आणि पाहिलाही जातो. ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात पुष्पक विमानातून सीतेला भूमी दाखविणारा राम प्रत्येक ठिकाणी विरहकाळाची आठवण सांगतो. तेथे उंची स्मृतीला पुसत नाही. उलट विखुरलेल्या स्मृतींना ती एका ओळीत आणते.

ठाणे व पालघर परिसरातील वारली चित्रकला हे अधिक जवळचे उदाहरण होय. तारपा नृत्याच्या चित्रात नर्तकांचे वेटोळे वरून पाहिल्यासारखे असते, पण त्यातील प्रत्येक माणूस बाजूने पाहिल्यासारखा हातपायांसह उभा असतो. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांनी ही दृष्टी जगापुढे नेली. वरून दिसणारी रचना आणि समोरून दिसणारा माणूस यांपैकी एकाची निवड करण्याची गरज या चित्रकाराला भासत नाही. आभासी उड्डाणाला जे साधलेले नाही, ते कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने साधले गेले आहे.

तेव्हा दोष उंचीत नसून संबंधाच्या अभावात आहे. मेघाकडून खालच्या भूमीला काही मिळते, रामाला तिथले काही आठवते, वारली चित्रकार स्वतः त्या वेटोळ्यातला असतो. आभासी वैमानिकाचे खालच्या भूमीशी कोणतेही देणेघेणे नसते. त्याच्या विमानाची सावली खाचरांवरून सरकते, पण मान वर करून पाहणारे तेथे कोणी नसते.

समारोप

आभासी उड्डाणातून होणारा शहापूर–मुरबाडचा आस्वाद खोटा नाही, परंतु तो अर्धा आहे. भूमीची रचना, नद्यांची दिशा आणि डोंगरांचा परस्परसंबंध यांचे त्याने घडविलेले दर्शन मौलिक असून भूगोल, इतिहास आणि साहित्य या विषयांच्या अध्यापनात त्याचा उपयोग अवश्य करावा. मात्र क्षेत्रभेटीला पर्याय म्हणून त्याचा स्वीकार होऊ नये. पडद्यावर नाणेघाटावरून उडालेल्या विद्यार्थ्याला वैशाखऱ्याहून दगडी पायऱ्यांची ती वाट चढावयास लावणे आणि घाट चढून आलेल्याला पुन्हा पडद्यावर आपली वाट शोधावयास लावणे, असा दुहेरी क्रम अधिक उचित ठरेल. त्यायोगे बोथट झालेला कडा त्याला ओळखता येईल, कोरड्या छायाचित्रात पावसाची जागा दाखविता येईल आणि निनावी सुळक्याला नाव देता येईल.

माध्यमाने काय वगळले आहे, हे ज्ञात असलेला प्रेक्षकच त्या माध्यमाचा खरा आस्वादक होतो. शहापूर–मुरबाडच्या बाबतीत हे ज्ञान बाहेरून आणावे लागत नाही. ज्या पाड्यांवरून हे विमान उडते, तेथील माणसांपाशी ते आहे, आणि त्यांच्या घरांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांपाशीही आहे. वर्गातील पडद्यासमोर त्यांना बोलते करणे हे अध्यापकाचे काम होय.